नख हिरवे पडले तर: जिवाणूंचा संसर्ग कसा ओळखावा आणि कसा बरा करावा

माझी मावशी रत्नागिरीला घरगुती डबे देते. पहाटे पाचला तिचा हात पाण्यात जातो आणि दुपारी तीनपर्यंत तो धड कोरडा होत नाही. तांदूळ धुणे, भाज्या, कणीक, मासळी आणि शेवटी मोरीतला भांड्यांचा ढीग, असा तो क्रम असतो. गेल्या वर्षी ऐन आषाढात तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा बाहेरचा कोपरा हिरवा पडला. "दुखत काहीच नाही गं, नुसतं मुगाच्या सालीसारखं दिसतंय," असे ती फोनवर म्हणाली होती. दुखत नाही म्हणून दोन महिने तसेच गेले. तिसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानातून बुरशीचे मलम आणून लावले, पण रंग तसूभरही हटला नाही. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी नखाची सुटलेली कड कापली, तिचा डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काचनळीतल्या थोड्या पाण्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते पाणी उजेडात धरले, तर त्याला फिकट हिरवट-निळी झाक आली होती. बुरशीचा रंग असा पाण्यात उतरत नाही. एवढ्या साध्या परीक्षेने चुकलेले उपचार थांबले.

हा लेख अशाच नखांविषयी आहे. हिरव्या नखात जिवाणू असतो हे खरे, पण तो सहसा धडधाकट नखात शिरत नाही. आधी नख खालच्या त्वचेपासून सुटते, त्या फटीत पाणी साठते, आणि मग जिवाणू तिथे मुक्कामाला येतो. म्हणून उपचाराचा क्रमही तसाच असावा लागतो: सुटलेले नख कापणे, जागा कोरडी ठेवणे आणि त्यानंतर औषध. हा क्रम उलटा केला तर महागडी औषधेही वाया जातात, हे मी जवळून पाहिले आहे.

रंग येतो कुठून

या नखांमधला नेहमीचा जिवाणू म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. पाणी, ओलसर माती, नळाची तोटी, मोरीचा कठडा, भांडी घासायचा ओला स्पंज, अंघोळीची घासणी अशा ठिकाणी तो सहज राहतो. १८८२ मध्ये फ्रान्समधल्या कार्ल गेसार यांनी जखमेच्या पट्ट्यांवर येणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा शोध घेताना हा जिवाणू वेगळा करून दाखवला. त्याच्या नावातला लॅटिन शब्द तांब्याच्या गंजावरून आला आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ राहिला की जो हिरवा कळक चढतो, तोच तो रंग. हा जिवाणू पायोसायनिन नावाचे निळे-हिरवे आणि पायोव्हर्डिन नावाचे पिवळट-हिरवे रंगद्रव्य तयार करतो आणि ते नखाच्या खालच्या बाजूत झिरपते. हिरव्या नखांचे या जिवाणूशी असलेले नाते गोल्डमन आणि फॉक्स या दोन डॉक्टरांनी १९४४ मध्ये नोंदवले, म्हणून वैद्यकीय पुस्तकांत या विकाराला त्यांचेही नाव दिलेले आढळते.

रंगाविषयी एक गोष्ट आधीच समजून घेतली तर पुढची बरीच चिंता टळते. जिवाणू मेला तरी नखात मुरलेला रंग जागीच राहतो. तो धुऊन किंवा घासून जात नाही. नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि कापला जातो. त्यामुळे औषध सुरू करून पंधरा दिवस झाले तरी नख हिरवेच आहे, म्हणजे औषध लागू पडले नाही, असा निष्कर्ष काढू नये.

पहिली पायरी: दिवसाच्या उजेडात नीट पाहणे

नेलपॉलिश असेल तर ते पूर्ण काढावे, हात साबणाने धुवून कोरडे करावेत आणि खिडकीपाशी बसून नख पाहावे. ट्यूबलाइटच्या प्रकाशात हिरवा आणि काळा यांतला फरक नीट कळत नाही. नखाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, कारण पुढचे सगळे निर्णय या पहिल्या फोटोशी तुलना करून घ्यायचे आहेत.

जिवाणूमुळे हिरवे पडलेले नख साधारणपणे असे दिसते: एक किंवा फार तर दोन नखे बाधित असतात, रंग पिवळट हिरव्यापासून गडद शेवाळी किंवा जवळजवळ काळ्या छटेपर्यंत असतो, आणि तो बहुधा नखाच्या मोकळ्या कडेपासून किंवा बाजूच्या कोपऱ्यापासून आत गेलेला असतो. त्या भागात नख खालच्या जिव्हाळीपासून सुटलेले असते. निरोगी नख गुलाबी दिसते ते जिव्हाळीतल्या रक्तामुळे. नख सुटले की मध्ये हवा शिरते आणि तो भाग पांढरट दिसू लागतो. हिरव्या डागाच्या कडेला असा पांढरट पट्टा दिसला, तर नख नेमके कुठपर्यंत सुटले आहे हे कळते. मात्र ते पाहण्यासाठी खाली काडी किंवा सुई घालून चाचपू नये. त्याने फट वाढते, आणि जिवाणूला हवी असते तीच जागा मोकळी होते.

नखाच्या मुळाशी पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. तिथे त्वचेची एक पातळ झिल्ली नखाला घट्ट चिकटलेली असते, आणि पाणी आत जाऊ नये यासाठी ती दारासारखे काम करते. सतत ओल्या हातांत ही झिल्ली नाहीशी होते, मुळाची कातडी फुगीर व लालसर होते आणि दाबल्यावर थोडी दुखते. हिरवे नख, सुटलेली कड आणि मुळाची ही जुनी सूज या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर निदान जवळजवळ नक्की होते.

दुसरी पायरी: दुसरे काही नाही ना, याची खात्री

रंगपंचमीनंतर नखे हिरवी किंवा जांभळी दिसणे, हळदीने पिवळी पडणे, मेंदीने तांबूस होणे हे वरवरचे रंग असतात. ते सहसा एकाच नखावर न राहता बऱ्याच नखांवर पसरलेले असतात, नखाच्या वरच्या पृष्ठभागावर असतात, आणि नख वाढू लागले की मुळाशी चंद्रकोरीच्या आकाराचा स्वच्छ भाग दिसू लागतो. जिवाणूचा रंग बहुतेक वेळा नखाखालून येतो, त्यामुळे तो वरून पुसता येत नाही.

दारात बोट सापडले किंवा पाट्यावर अंगठा चेंगरला, तर नखाखाली रक्त साखळते. ते आधी लाल-जांभळे व मग काळपट होते, आणि मार लागल्याचे बहुतेकांना आठवत असते. हा डाग हाताच्या नखात महिन्याला साधारण ३ मिलिमीटर या गतीने पुढे सरकतो आणि त्याच्या मागे स्वच्छ नख उगवते.

नख जाड, पिवळट, भुसभुशीत झाले असेल आणि खाली चुऱ्यासारखा थर साठत असेल, तर बुरशीचा संशय घ्यावा. इथे एक गुंतागुंत आहे. बुरशीमुळे नख सुटते आणि सुटलेल्या जागी हा जिवाणू शिरतो, म्हणजे एकाच नखात दोघेही असू शकतात. सोरायसिस या त्वचाविकारातही असे होते. तेव्हा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात आणि कोपर, गुडघे किंवा डोक्यात खपल्या असतात.

पुढच्या लक्षणाबाबत मात्र वेळ काढू नये. नखात मुळापासून टोकापर्यंत काळा किंवा गडद तपकिरी उभा पट्टा असेल, तो एकाच नखात असेल, हळूहळू रुंद होत असेल, किंवा तो रंग नखाच्या बाहेर शेजारच्या त्वचेवर उतरत असेल, तर तो मेलॅनोमा या कर्करोगाचा प्रकार असू शकतो. हाताचा आणि पायाचा अंगठा या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. आपल्या वर्णाच्या अनेक लोकांच्या चार-सहा नखांत फिकट तपकिरी उभ्या रेघा जन्मभर निरुपद्रवी राहतात, हेही खरे आहे. पण एकच नख आणि बदलता पट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. हिरवे समजून व्हिनेगरमध्ये बुडवत बसण्याची ती वेळ नव्हे.

नखुर्डे ही वेगळी गोष्ट

पुष्कळ जण हिरवे नख आणि नखुर्डे यांना एकच समजतात. दोन्ही जिवाणूंचेच आजार आहेत, पण त्यांची चाल वेगळी आहे. नखुर्डे एक-दोन दिवसांत उठते, नखाची बाजू लाल होते, ठणकते आणि पू होतो. त्याला बहुधा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस कारणीभूत असतो. नखे कुरतडणाऱ्यांत तोंडातले जिवाणूही असतात. नखाशेजारची सुटलेली कातडी दातांनी ओढणे हे त्याचे सर्वांत परिचित कारण आहे.

पू झालेला नसेल तर सोसेल इतक्या कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा दहा ते पंधरा मिनिटे बोट ठेवून नंतर पूर्ण कोरडे करावे. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालण्याची आपल्याकडची जुनी रीत मला ठाऊक आहे आणि तिच्यामागची माया मला मान्य आहे. पण फाटलेल्या कातडीवर लिंबाचा रस झोंबतो, जळजळ वाढवतो, आणि साठलेला पू काही त्याने बाहेर येत नाही. पू दिसत असेल तर डॉक्टरांकडून छोटी चीर देऊन तो काढून घ्यावा. पुष्कळदा तेवढ्यानेच ठणका थांबतो. घरी सुईने फोडू नये. बोटावर बारीक पाणीदार फोडांचा घोस असेल तर ते विषाणूचे, म्हणजे हर्पिसचे, असू शकतात आणि ते फोडल्याने नुकसानच होते. लाल रेघ हातावर चढत असेल, ताप असेल, बोटाचा गाभा टणक फुगला असेल किंवा बोट सरळ करताना तीव्र कळ येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

इथून पुढे पुन्हा हिरव्या नखाकडे वळू.

तिसरी पायरी: डॉक्टर कोणत्या तपासण्या करतात

अनुभवी डोळ्यांना निदान पाहूनच होते, तरी शंका असेल तेव्हा काही साध्या तपासण्या उपयोगी पडतात. पहिली म्हणजे मावशीच्या नखाची झाली ती: नखाचा तुकडा पाण्यात किंवा क्लोरोफॉर्ममध्ये चोवीस तास ठेवला की जिवाणूचे रंगद्रव्य विरघळते आणि द्रव निळसर-हिरवा होतो. दुसरी वूड्स लॅम्पची. अंधाऱ्या खोलीत या विशिष्ट दिव्याखाली पायोव्हर्डिन पिवळट-हिरवे चमकते. तिसरी म्हणजे नखाचा चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू आहेत का हे पाहणे. जिवाणूचे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, प्रत्येकाला लागत नाही. उपचार करूनही फरक पडत नसेल किंवा पोटातून प्रतिजैविक द्यायची वेळ आली, तर कोणते औषध त्या जिवाणूवर चालते हे कळण्यासाठी ते करतात.

एक सूचना डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्यूडोमोनास प्रयोगशाळेत आपल्या शेजारी बुरशीला वाढू देत नाही, त्यामुळे नखात बुरशी असूनही कल्चरमध्ये ती न दिसण्याची शक्यता असते. हिरवा रंग गेल्यावरही नख जाड आणि भुसभुशीत राहिले, तर बुरशीची तपासणी पुन्हा करण्याविषयी जरूर विचारावे.

चौथी पायरी: सुटलेले नख कापणे

सगळ्या उपचारात हेच काम मोलाचे आहे आणि नेमके हेच लोक टाळतात, कारण अर्धे नख गेलेले बोट चांगले दिसत नाही. सुटलेले नख हे छप्पर आहे. ते असेपर्यंत खालची जागा ना कोरडी होते, ना औषध तिथे पोहोचते. नख ज्या रेषेपर्यंत सुटले आहे, तिथपर्यंत ते कापायचे असते. फक्त टोकाचे दोन-तीन मिलिमीटर सुटले असतील तर अंघोळीनंतर नख मऊ असताना स्वच्छ नेलकटरने थोडे थोडे करून घरी कापता येते. दुखू लागले तर तिथे जिव्हाळी चिकटलेली आहे असे समजून थांबावे. सुटलेला भाग अर्ध्या नखाइतका आत गेला असेल तर ते काम डॉक्टरांकडून करून घ्यावे. नख मृत असल्याने ते नीट कापले तर दुखत नाही. संपूर्ण नख काढण्याची गरज क्वचितच पडते.

नेलकटर त्या बोटासाठी वेगळा ठेवावा आणि दर वेळी साबणाने धुवून, कोरडा करून, ७० टक्के अल्कोहोलने पुसावा. त्याच नेलकटरने घरातल्या बाळाची नखे कापू नयेत.

पाचवी पायरी: कोरडेपणा

हात पाण्यात घालू नका, असे डबे करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या किंवा मासळी साफ करणाऱ्या बाईला सांगणे सोपे आहे आणि पाळणे तिला अशक्य आहे. म्हणून जमेल ते सांगतो. रबरी हातमोजे घालावेत, पण थेट त्वचेवर नव्हे. आत पातळ सुती हातमोजे घालून त्यावर रबरी चढवावेत. नुसत्या रबरी मोज्यात अर्ध्या तासात घाम साठतो आणि बोट पाण्यात असल्यासारखेच भिजते. सुती मोज्यांचे तीन-चार जोड ठेवावेत, ओले झाले की बदलावेत. दिवसभर अधूनमधून ओले काम करण्यापेक्षा सगळी भांडी एका वेळी आणि सगळ्या भाज्या एका वेळी धुतल्या, की हात कोरडे राहण्याचा काळ वाढतो.

हात धुतल्यावर नखाच्या खाली टॉवेलचे टोक लावून पाणी टिपावे. पावसाळ्यात टॉवेलच दमट असतो, तेव्हा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून अर्धा मिनिट नखाजवळ धरल्यास चांगला उपयोग होतो. गरम हवा वापरू नये.

पायाच्या नखांसाठी हाच नियम आहे. भातलावणीत गमबूट घालून दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्यांना, बंद बुटात बारा तास काढणाऱ्या सुरक्षारक्षकांना आणि पोलिसांना, पळण्याचा सराव करणाऱ्यांना अंगठ्याचे नख सुटून हिरवे पडण्याचा त्रास होतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांमध्येही बुरशीबरोबर हा जिवाणू असू शकतो, म्हणून नखाबरोबर बेचके पाहायला विसरू नये. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, मोजे रोज बदलावेत आणि घरी आल्यावर पाय उघडे ठेवावेत.

सहावी पायरी: व्हिनेगर आणि औषधी थेंब

व्हिनेगरमधले ॲसिटिक ॲसिड स्यूडोमोनासला मानवत नाही, ही फार जुनी आणि आजही उपयोगी पडणारी माहिती आहे. स्वयंपाकात वापरतो ते साधे पांढरे व्हिनेगर घ्यावे. त्याची तीव्रता बाटलीवर लिहिलेली असते आणि ती बहुधा ४ ते ५ टक्के असते. एक भाग व्हिनेगरला चार भाग पाणी घेतले की साधारण १ टक्का तीव्रतेचे मिश्रण होते. एका बोटासाठी दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि आठ मोठे चमचे पाणी पुरते. मिश्रण काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत करावे, तांब्या-पितळेच्या वाटीत नको, कारण आंबटाने तिथे कळक उतरतो. बोट पाच ते दहा मिनिटे बुडवावे, सकाळी आणि रात्री असे दोनदा, आणि दर वेळी नवे मिश्रण करावे. नंतर बोट पूर्ण कोरडे करावे. हा उपाय भिजवण्याने सुरू होत असला तरी तो संपला पाहिजे कोरडेपणावर. चिरा पडलेल्या असतील आणि झोंबत असेल तर आणखी पाणी घालावे किंवा दोन दिवस थांबावे. तीव्र व्हिनेगर इसेन्स किंवा साफसफाईसाठी विकले जाणारे ॲसिड कधीही वापरू नये, त्याने त्वचा भाजते.

काही ठिकाणी पातळ केलेल्या ब्लीचचा सल्ला दिलेला आढळतो. घरच्या घरी तो करू नये असे माझे मत आहे, कारण प्रमाण चुकले की त्वचा जळते, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी असतील तर त्या वेगळ्या ठेवाव्यात.

व्हिनेगरबरोबर किंवा त्याऐवजी डॉक्टर जेंटामायसिन, टोब्रामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब देतात. हे थेंब डोळ्यांसाठी किंवा कानांसाठी म्हणून बनवलेले असतात, त्यामुळे बाटलीवर डोळ्याचे चित्र पाहून गोंधळू नये. पातळ असल्याने ते नखाच्या फटीत मलमापेक्षा चांगले उतरतात. नाडिफ्लॉक्सासिनचे मलमही वापरले जाते. औषध नखावर पसरवून उपयोग नाही. बोट उलटे धरून कापलेल्या कडेच्या खाली एक-दोन थेंब सोडावेत आणि मिनिटभर बोट तसेच धरावे. बाटलीचे टोक नखाला लावू नये, आणि नखासाठी वापरलेली बाटली पुन्हा डोळ्यात वापरू नये.

पोटातून घ्यायच्या प्रतिजैविकाची गरज थोड्यांनाच पडते: जागचे उपाय नीट करूनही फरक नसेल, आजूबाजूच्या त्वचेत संसर्ग पसरला असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा. बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन दिले जाते. त्याने स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा दुखावण्याचा धोका असतो. आम्लपित्ताची औषधे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या त्याच्यासोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. गरोदरपणी आणि लहान मुलांना ते सहसा टाळतात. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ते आणू नये. स्यूडोमोनास औषधांना दाद न देण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या प्रतिरोधक जिवाणूंच्या यादीत त्याचे प्रतिरोधक प्रकार समाविष्ट आहेत. एका नखासाठी अर्धवट घेतलेला कोर्स पुढे याच जिवाणूच्या न्यूमोनियात महाग पडू शकतो.

कोणत्या गोष्टींनी वेळ वाया जातो

म्युपिरोसिनचे मलम नखुर्ड्याला उपयोगी असले तरी स्यूडोमोनासवर ते चालत नाही. अमॉक्सिसिलिनही चालत नाही. फ्लुकोनॅझोल, टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल ही बुरशीची औषधे आहेत. बुरशी सिद्ध झाल्याशिवाय ती महिनोन्‌महिने घेणे म्हणजे यकृतावर विनाकारण भार टाकणे. बुरशी, जिवाणू आणि सूज या तिन्हींवर एकाच वेळी चालते असे सांगून दिली जाणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे स्वतःच्या मनाने तर मुळीच लावू नयेत. मुळाच्या जुन्या सुजेवर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड देतात आणि ते योग्यही असते, पण ती जागा, तो कालावधी आणि ती तीव्रता त्यांनी ठरवायची असते. आणखी एक चूक म्हणजे हिरवा भाग झाकण्यासाठी गडद नेलपॉलिश किंवा जेल लावणे. त्याखाली ओलावा कोंडतो आणि नख सुधारते आहे की बिघडते आहे हेच दिसेनासे होते. लग्नसराईत चिकटवलेली नखे किंवा एक्स्टेन्शन लावून घेतलेल्या मुलींमध्ये हिरवे नख दिसते ते याच कारणाने. अशा वेळी ती नखे काढून, खालचे नख पूर्ण उगवेपर्यंत नवी लावू नयेत.

सातवी पायरी: बरे होते आहे का, हे मोजणे

दर रविवारी त्याच खिडकीपाशी, तशीच मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. दोन आठवड्यांत हिरवा रंग मुळाकडे पसरणे थांबले पाहिजे. चार ते सहा आठवड्यांत डागाच्या मागे दोन-तीन मिलिमीटर स्वच्छ नख दिसले पाहिजे. डाग मोठा असेल तर तो पूर्ण निघून जायला दोन ते चार महिने लागतात. हाताचे अख्खे नख नवे यायला सुमारे सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे यायला बारा ते अठरा महिने लागतात. व्हिनेगर आणि थेंब किती दिवस चालवायचे ते डॉक्टर ठरवतील, पण कोरडे ठेवण्याचे काम नख जिव्हाळीला पुन्हा चिकटेपर्यंत सोडता येत नाही. नवीन उगवलेले नख गुलाबी दिसत असेल तर ते चिकटले आहे. पांढरे दिसत असेल तर फट अजून उघडी आहे आणि ती कड पुन्हा कापावी लागेल.

महिनाभर सारे नीट करूनही रंग मुळाकडे पसरत असेल, तर निदानच पुन्हा तपासावे लागते. नखे सुटण्यामागे थायरॉइडचा विकार, डॉक्सिसायक्लिनसारखे औषध घेताना उन्हात राहणे किंवा कर्करोगावरची काही औषधेही असतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

ज्यांनी घरी उपाय करू नयेत

मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळत नाही आणि भाजलेले दुसऱ्या दिवशी दिसते. त्यांनी पायाचे नख स्वतः कापू नये, पाय भिजवत ठेवू नयेत आणि हिरवे किंवा काळे नख दिसताच डॉक्टरांना दाखवावे. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांनाही हेच लागू आहे.

रुग्णसेवा करणाऱ्यांची जबाबदारी आणखी वेगळी आहे. निरोगी माणसाला हिरव्या नखाचा संसर्ग सहजासहजी होत नाही, पण अतिदक्षता विभागातले नवजात बाळ किंवा भाजलेला रुग्ण यांच्यासाठी हाच जिवाणू घातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांशी थेट संपर्क असणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि नैसर्गिक नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत असे सांगितले आहे. परिचारिकेचे नख हिरवे पडले असेल तर तिने ते वरिष्ठांना सांगावे आणि नख बरे होईपर्यंत अशा रुग्णांच्या कामातून सवलत मागावी. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

मावशीचे नख पाचव्या महिन्यात पूर्ण आले. तिने डब्यांचे काम बंद केले नाही. भांड्यांना मदतीला एक मुलगी ठेवली, भांड्यांचा स्पंज ओल्या मोरीत पडू न देता खिळ्याला टांगायला सुरुवात केली आणि दर पंधरवड्याला तो बदलला. सुती हातमोज्यांचे चार जोड तिच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या दोरीवर वाळत असतात, कारण रत्नागिरीच्या पावसात बाहेर काही वाळत नाही. या आषाढात तिने अंगठ्याचे नख बारीक कापलेले आहे आणि रात्री झोपताना मुळाशी थोडे व्हॅसलीन लावते, म्हणजे नाहीशी झालेली ती झिल्ली पुन्हा धरायला मदत होते.